पावाच्या पेटीतला फोन

पासो ओंदो, शाळेचं स्वयंपाकघर
ऑक्टोबरचा तिसरा रविवार

आदरणीय झुल्मामावशी,

तुझ्या दार्दोचा वाकून नमस्कार. कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सोडायला सांगितलेलं मीठ तू खरंच सोडलंस, की मीठदाणी नुसती कपाटात लपवलीस? मोन्तेविदेओत या दिवसांत समुद्रावरून फार बोचरा वारा येतो म्हणतात, तेव्हा गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना शाल घेत जा. (तू घेणार नाहीस. पण लिहिलं म्हणजे माझं कर्तव्य झालं.) मी इथे बरा आहे. वजन दोन किलोंनी वाढलं, कारण चोलाबाई अजूनही शाळेत स्वयंपाक करतात आणि त्यांनी तिसऱ्यांदा पळी पुढे केली की नको म्हणायची छाती इथे कुणाची नाही, हे तुला मी काय सांगावं! सव्वीस वर्षं तू ही शाळा चालवलीस आणि सव्वीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलीस. मला मार्चपासून फक्त आठ महिने झालेत, आणि एवढ्यात पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडावं लागलं.

आता तू म्हणशील, याला एकाएकी मावशीची आठवण कशी झाली. खरं सांगतो, चोलाबाई तुला पत्र लिहिणार आहेत. त्यांनी तसं मला तोंडावर सांगितलं, हातात सुरी असताना. तेव्हा त्यांच्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून अळणी ऐक.

झालं असं. ऑगस्टात आम्हा खेड्यापाड्यांतल्या मास्तरांना ताकुआरेम्बोला बैठकीला बोलावलं होतं. विषय होता, मुलांना फोन, लॅपटॉप आणि एकूणच पडद्यांबद्दल विचार करायला मदत कशी करावी. एक तरुण बाई चार तास बोलल्या. बोलल्या बऱ्या, पण सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दाखवत बोलल्या, आणि आम्ही तीस मास्तर टेबलाखाली आपापल्या फोनच्या पडद्यावर बघत होतो. (सामना होता. आपण हरलो.) परतीच्या बसमध्ये मला एकदम स्फुरण चढलं. वाटलं, मुलांना विचार करायला मदत करायची ना, मग तो विचार आपणच करून टाकावा, म्हणजे पोरांचा तेवढा त्रास वाचेल. मावशी, हे वाक्य तू दोनदा वाच. माझी सगळी अक्कल त्यात आहे.

दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघरातली जुनी लाकडी पावाची पेटी वर्गात आणली, घासूनपुसून फळ्याखाली ठेवली आणि फर्मान काढलं की उद्यापासून सकाळी दहाला, झेंडा चढवून झाला की, सगळे फोन या पेटीत. निघताना तीनला परत. फर्मान असं काढलं की जणू एखाद्या फौजेची हत्यारं खाली ठेवून घेतोय. आमची फौज किती? पोरं अकरा, फोन तीन. त्यातला एक फाकुन्दोचा, ज्याची काच फुटलेली आहे; एक मिलाग्रोसच्या भावाचा, जो ती चोरून आणते; आणि तिसरा सात वर्षांच्या ब्रिसाच्या आजीचा. तो तिच्या गणवेशाच्या पांढऱ्या डगल्याच्या खिशात, हातरुमालात गुंडाळून, घोड्यावरून दीड तास येतो. एवढ्याशा पोरीला फोन कशाला, हे मी विचारलं का? नाही. मी विचार आधीच करून ठेवला होता ना!

फोनची अशी सोय लावल्यावर माझा मोर्चा लॅपटॉपकडे वळला. सरकारने दिलेला प्रत्येकाला एक आहे. मला वाटलं, प्रत्येक जण आपापल्या पडद्यात मान घालून बसतो, त्यात माणसाला माणूस राहत नाही. मग एकाच भांड्यातला माते-चहा जसा आपण नळीने आळीपाळीने पितो, तसा लॅपटॉपही का फिरवू नये? म्हणून दहा कपाटात ठेवले, एक बाहेर काढला, पोरांना गोल बसवलं आणि नियम सांगितला: जसं घरी माते फिरतं तसं. वाढणारा मी. हातात आला की आपला घोट घ्यायचा, म्हणजे आपलं काम करायचं, आणि परत माझ्याकडे द्यायचा, मी पुढच्याला देणार. पुरे झालं की देताना धन्यवाद म्हणायचं. धन्यवाद म्हटलं की त्या दिवसापुरते फेरीतून बाद. कल्पना वाईट नव्हती, हे मी अजून म्हणतो. फक्त एक गोष्ट मी विसरलो, की आपल्याकडे मातेच्या फेरीतून आपण होऊन उठलेला माणूस कुणी पाहिला आहे? तुझ्या घरी तो विमा विकणारा आला होता, तो धन्यवाद म्हणेना म्हणून तू पाच वेळा किटली चढवली होतीस!

तेच झालं. एकही कार्टं धन्यवाद म्हणेना. लॅपटॉप परत करताना कुणी खाकरायचं, कुणी मान हलवायचं, फाकुन्दो नुसता बैलासारखा फुसकारायचा. गणित बुडालं, भूगोल बुडाला, आणि फेरी आपली चाललीच आहे. दहा दिवसांनी फाकुन्दोचे वडील घोडा दारात उभा करून आत आले. टोपी काढली, पण बसले नाहीत.

"मास्तर, काल शेकोटीवरच्या मांसाचा मऊ तुकडा काढून पोराच्या ताटात घातला. माझ्या वाट्याचा. तोंडातून धन्यवाद नाही हो! कान धरला तर काय म्हणतो, धन्यवाद म्हटलं तर दुसरा मिळायचा नाही. हे शाळेत शिकवता?"

मी म्हटलं, बघतो. म्हणजे पडद्यांचा विचार राहिला बाजूला, आणि आईबापांनी चार वर्षं खपून लावलेलं वळण मी दहा दिवसांत पुसून टाकलं. अख्ख्या पंचक्रोशीत त्या पंधरवड्यात कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

एक ब्रिसा सोडून. ही पोरगी रोज अकराला पाच कमी असताना, तिची पाळी असो वा नसो, उठायची, स्वच्छ आवाजात धन्यवाद म्हणायची आणि फेरीतून बाहेर पडून पेटीजवळ जाऊन बसायची. मावशी, मला किती आनंद झाला सांगू? मला वाटलं, अकरांत एक तरी शहाणं निघालं, जिने मोहाला जिंकलं. मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. तिच्या डगल्यावर, निळ्या फितीच्या शेजारी, कागदी तारा लावला. तिला पेटीची राखणदार नेमलं. (मी हे हसवायला लिहीत नाही. मला हे लिहून टाकायचं आहे.)

आणि बरोबर अकराला पेटी वाजायची. रोज. शाळेच्या इंटरनेटवर कुणाचातरी फोन यायचा, आणि लाकडाच्या पेटीत तो असा गुरगुरायचा की झाकण थरथरायचं. ही तर मला पर्वणीच वाटली. मी हात मागे बांधून फेऱ्या मारायचो आणि सांगायचो, बघा मुलांनो, वाजतोय, वाजू दे! आपण त्याचे नोकर आहोत का? त्याने हाक मारली की धावायला आपण कुत्रे आहोत का? आणि वाजणं थांबलं की, जिंकलो, असं म्हणून मी मधल्या सुट्टीची घंटा बडवायचो. पोरं ताबडतोब पळायची. घंटेचे नोकर असण्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

तीन आठवडे झाले, आणि मला वाटलं, आता प्रगती कागदावर घ्यावी. निबंध दिला, 'पेटी वाजते तेव्हा'. फाकुन्दोने लिहिलं, पेटीत मास्तरांची बायको आहे, ती पळून जाऊ नये म्हणून त्यांनी कोंडली आहे. (माझं लग्न झालेलं नाही हे त्याला माहीत आहे. त्याचं म्हणणं, म्हणूनच.) मिलाग्रोस दहा वर्षांची आहे आणि तुझ्यासारखी आहे, म्हणजे खरं बोलते आणि वर शुद्धलेखनही बरोबर. तिने लिहिलं, "पेटी वाजते तेव्हा मास्तर आमच्याकडे बघून हसतात. ते हसणं मला आवडत नाही." मी तिला लाल शाईने शेरा द्यायला पेन उचललं, आणि खालची वही ब्रिसाची होती. चारच ओळी. तुला जशाच्या तशा उतरवून देतो:

"पेटी वाजते तेव्हा माझी आई असते. तिथली म्हातारी झोपली की आईला वीस मिनिटं मिळतात. मी पेटीजवळ बसते. आई थांबली की मी फळ्याकडे बघते."

मावशी, मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही काहीतरी वाईट वाटलं, त्याला मला शब्द सापडत नाही. पंधरा वेळा ती बाई फोन करत होती आणि पंधरा वेळा मी तिच्या पोरीसमोर उभा राहून म्हणालो होतो, वाजू दे. आणि त्या पोरीला मी तारा लावला होता.

तुला नोएलिया आठवते का? ओलिवेरांची, भागाकार आला की रडायची ती? तिचीच ही मुलगी. नोएलिया चार वर्षांपूर्वी स्पेनला गेली, व्हॅलेन्सियात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करते. ब्रिसा तेव्हा तीन वर्षांची होती. आजीच्या रानातल्या घरी फोन लागत नाही, लागतो तो फक्त शाळेत. म्हणून फोन शाळेत यायचा. आपल्याकडे अकरा म्हणजे तिथे दुपारचे चार, म्हाताऱ्या बाईंची झोपायची वेळ. तुझ्यानंतर आणि माझ्या आधी होत्या त्या बाई ब्रिसाला अकराला पाण्याच्या टाकीमागे पाठवायच्या; मी येऊनही मार्चपासून ती तशीच जात होती, आणि त्या वेळी मी माते घेत पाठमोरा बसलेला असायचो. मला कुणी सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं मला माहीत आहे. मी वही घेऊन चोलाबाईंकडे गेलो. त्या कांदा चिरत होत्या. वाचून त्यांनी सुरी खाली ठेवली नाही.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तरी करताय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, शहरातनं आलाय, काहीतरी नवीन पद्धत असेल. म्हणून गप्प बसले. आता गप्प बसायची नाही. झुल्माबाईंना लिहिते बघा."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी पेटी उघडून फोन ब्रिसाच्या हातात दिला. पावणेअकरालाच. सगळी पोरं आपण होऊन गोल बसली, चोलाबाई हात पुसत दारात. अकरा वाजले. फोन वाजला नाही. अकरा पाच झाले. पंधरा दिवस खणखणणारा तो फोन मेल्यासारखा पडून होता. मी करायला गेलो तर ब्रिसाने माझा हात धरला. म्हणाली, आपण करायचा नाही मास्तर, म्हातारी जागी असली तर आईला बोलणी बसतात. अकरा दहा. फाकुन्दोने हळूच विचारलं, तिने करणं सोडलं असेल का गं? मिलाग्रोसने त्याला असा चिमटा काढला की तो ओरडला. आणि मला, बेचाळीस वर्षांच्या घोड्याला, देव आठवला, जो मला परीक्षेनंतर कधी आठवला नव्हता.

अकरा चौदाला वाजला.

पडद्यावर नोएलिया आली, आणि तिला पोरीचा चेहरा दिसला. मग पहिलं वाक्य काय बोलली? "माझ्यावर रागावलीस का गं?" तीन आठवडे तिला वाटत होतं, पोरगी रागावली, आता माझी ओळख नको म्हणते. ब्रिसा म्हणाली, "नाही गं, तू पेटीत होतीस." मी फोन मागून घेतला आणि सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमचं घरी वाट बघणारं कुणी नाही का हो?" एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी फोन परत दिला आणि आम्ही सगळे बाहेर गेलो. ब्रिसा एकटी वर्गात. उरलेल्या मिनिटांत मी घंटेला हात लावला नाही.

त्यानंतर मी ते केलं जे ऑगस्टात करायला हवं होतं. पोरांना विचारलं. म्हटलं, पेटीचं काय करायचं, तुम्हीच सांगा. पेटी मोडू नका म्हणाली. (मला वाटलं होतं जाळतील.) दोन दिवस भांडणं झाली, रडारड झाली, आणि शेवटी मिलाग्रोसने तोडगा काढला, की पलीकडे कुणीतरी वाट बघत असेल तर फोन बाहेर, नसेल तर पेटीत. सोपं वाटतं ना? तसं नाही. फाकुन्दो लगेच उठला, की त्याच्या फोनमध्ये एक शेत आहे, त्यात चाळीस गाई आहेत, आणि दुपारी चारा टाकला नाही तर त्या उपाशी राहतात. म्हणजे पलीकडे वाट बघतात. यावर अख्खा तास गेला. जी गाय नाहीच, तिला भूक लागते का? लहान दोघं म्हणाली लागते, कारण ती हंबरते. मिलाग्रोसने विचारलं, "काल घरच्या गाईंना पाणी कुणी दाखवलं?" फाकुन्दो म्हणाला, बाबांनी. "का?" तो म्हणाला, कारण मी चारा टाकत होतो. आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तो खाली बसला. मावशी, त्या बैठकीतले चार तास एकीकडे आणि हे एक वाक्य एकीकडे. मी मध्ये एक अक्षर बोललो नव्हतो, म्हणूनच ते झालं असणार.

लॅपटॉप सगळ्यांना परत दिले. फेरी फक्त शुक्रवारी ठेवली, पोरांनीच मागितली, कारण एकाचं काम दहा जण बघतात तेव्हा मजा येते म्हणाली. धन्यवाद म्हटल्यावर बाद, हा नियम मात्र रद्द. आईबापांच्या विनंतीवरून.

मग सगळ्यात धाकटं पोर माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणालं, "तुमचा?" कारण तीन आठवडे तीन फोन पेटीत होते आणि चौथा माझ्या सदऱ्याच्या खिशात. कुणाच्या लक्षात आलं नाही असं मला वाटत होतं. मिलाग्रोसने न्यायाधीशासारखं विचारलं, "मास्तर, तुमच्या पलीकडे कोण वाट बघतं?" मी विचार केला. खरंच केला, या वेळी. सामन्यांच्या बातम्या, कोण कुठे जेवला त्याचे फोटो, आणि कॉलेजातल्या मित्रांचा एक गट, जिथे मी मे महिन्यात काहीतरी लिहिलं होतं आणि अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, कुणी नाही. आणि फोन पेटीत ठेवला. पोरं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत. फाकुन्दो जवळ आला आणि त्याने मला अर्धं बिस्कीट दिलं.

असो. शाळेचं बरं चाललं आहे. चोलाबाई माझ्याशी बोलू लागल्या आहेत, निदान पळीने. तब्येतीला जप, मिठाचं मनावर घे, आणि रागावली असशील तर पत्रातून रागाव, म्हणजे मला तो पुन्हापुन्हा वाचता येईल.

तुझा,
दार्दो

ता. क. खरं सांगून टाकतो, हे पत्र मला आपण होऊन सुचलेलं नाही. हा माझा गृहपाठ आहे. पलीकडे कुणी नाही म्हणालो तेव्हा पोरांनी उलटतपासणी केली, त्यात तू निघालीस. तुझ्याकडे मोबाइल नाही म्हटल्यावर धाकट्यांना वाटलं तू वारलीस. मी खुलासा केला. मग ठरलं, मास्तरांनी मावशीला हाताने पत्र लिहावं, निदान तीन पानं. मिलाग्रोस पानं मोजणार आहे. पण मावशी, गृहपाठ तिसऱ्या पानावरच संपला होता. पुढचं मी लिहिलं आहे.

ता. क. दुसरा. आता खरं काम. नोएलिया चार वर्षांनी पहिल्यांदा येते आहे, बारा दिवसांसाठी. वीस डिसेंबरला पहाटे मोन्तेविदेओला उतरते. आजीच्याने प्रवास होत नाही, म्हणून ब्रिसाला मी घेऊन येतो, आणि इकडची बस दुसऱ्या दिवशीची आहे. एक दिवस आणि एक रात्र दोघींना तुझ्याकडे ठेवशील का? तू पाहुणे ठेवत नाहीस हे मला माहीत आहे. नोएलिया तुझी विद्यार्थिनी म्हणून नाही, माझी भरपाई म्हणून ठेव. मी कुठेही झोपेन.

ता. क. शेवटचा. तुझ्याकडे राहायचं म्हटल्यावर ब्रिसाने एकच विचारलं, त्या मावशी म्हाताऱ्या आहेत का आणि दुपारी किती वेळ झोपतात? मी म्हटलं, दोन तास झोपतील. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, मग दोन तास मिळतील. मी तिला परोपरीने सांगितलं, की आता म्हातारी उठली तरी आई जायची नाही. मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. तू दुपारची कधी पडत नाहीस आणि पडणाऱ्यांना आळशी म्हणतेस, मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तेवढी खोलीत जा, दार लावून घे, झोप नाही आली तरी चालेल. आणि मग ऊठ. चांगली खोकत ऊठ, चपला वाजवत ये, दार जोरात उघड, म्हणजे तिला नीट कळेल की तू उठलीस आणि आई अजून तिथेच बसली आहे.